वेध घेणारा शिक्षक

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू दशाश्वमेध घाटावर उतरला म्हणजे आपण अगदीच परमुलखात आलो आहोत असे त्याला वाटत नाही. या घाटाची बांधणी १७४८ च्या सुमारास बाळाजी बाजीराव पेशव्यांनी केली. पुढे १७७४ मध्ये अहल्याबाई होळकरांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि जवळचाच एक घाट अहल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. स्नान, तर्पण आणि संध्याकाळची गंगेची आरती यांत यात्रेकरूचा दिवस सरतो. परंतु गंगा येथे उत्तरवाहिनी आहे हे ध्यानात ठेवून, प्रवाहाच्या दिशेने काठाकाठाने थोडी पावले पुढे गेले, तर मानमंदिर घाट लागतो. अंबरच्या राजा मानसिंहाने १६०० च्या सुमारास बांधलेला वाडा तेथे उभा आहे. त्या वाड्याच्या गच्चीवर चुनेगच्चीची आणि दगडाची काही यंत्रे आहेत. ती सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली. त्यांतील सर्वांत मोठ्या यंत्राचे नाव सम्राट यंत्र.

हे सम्राट यंत्र म्हणजे दक्षिणोत्तर उभी केलेली एक त्रिकोणी भिंत होय. तिची तिरकी कड जमिनीशी सुमारे सव्वापंचवीस अंशांचा कोन करते, आणि वाराणसीचा अक्षांशही तेवढाच आहे. हा योगायोग नव्हे. कोन अक्षांशाएवढा ठेवला की ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते, म्हणजे ती आकाशातील उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखलेली राहते. घाटावर लोक गंगेकडे तोंड करून बसलेले असतात. वरच्या गच्चीवर एक भिंत तीनशे वर्षांच्या आसपास ध्रुवाकडे पाहत उभी आहे.

ध्रुवाचा आणि शिक्षकाचा संबंध आज जगात एका निराळ्या रीतीने जुळविण्यात आला आहे. अमेरिकेत शाळाशिक्षकांना संशोधकांबरोबर ध्रुवप्रदेशात पाठविण्याची एक योजना तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने निघाली. अशा स्वरूपाचा उपक्रम तेथे १९९० नंतरच्या दशकातही झाला होता. २००७ मध्ये, आंतरराष्ट्रीय ध्रुववर्षाच्या सुमारास, ‘पोलरट्रेक’ या नावाने त्याला नवे रूप मिळाले. निवडलेला शिक्षक दोन ते सहा आठवडे आर्क्टिकच्या टुंड्रात किंवा अंटार्क्टिकाच्या बर्फावर एखाद्या संशोधक तुकडीबरोबर राहत असे. तो पाहुणा म्हणून जात नसे. बर्फाचे नमुने काढणे, उपकरणांवरील आकडे टिपणे, सामान वाहणे ही कामे त्यालाही करावी लागत, आणि परतल्यावर तो अनुभव त्याने वर्गापुढे मांडावयाचा असे.

भारतालाही ध्रुवप्रदेश अपरिचित राहिलेला नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत तेथे पहिले भारतीय केंद्र उभे राहिले, आणि त्याला नाव देण्यात आले ‘दक्षिण गंगोत्री’. त्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रियांचा समावेश होता. एक नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. दुसऱ्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील अध्यापिका. विद्यार्थ्यांना खडकांची रचना शिकविणारी व्यक्ती स्वतः अंटार्क्टिकाच्या खडकांवर हातोडी चालवून आली, ही घटना शिक्षणाच्या दृष्टीनेही मोलाची म्हणावी लागेल.

अशा योजनांचे वर्णन ऐकले की हे पाश्चात्यांचे, पैशाचे आणि आधुनिक यंत्रसामग्रीचे काम आहे, असा समज होण्याचा संभव असतो. वास्तविक यातील मूळ विचार साधा आहे. जो निसर्गाला स्वतः प्रश्न विचारून त्याच्याकडून उत्तर घेतो, तोच ते शास्त्र जिवंतपणे शिकवू शकतो. आणि या विचाराला मानमंदिराच्या परिसरात, एका मराठी शिक्षकाच्या चरित्रात, दीडशे वर्षांपूर्वीचा आधार सापडतो.

त्या शिक्षकाचे नाव बापूदेव शास्त्री. त्यांचे मूळ नाव नृसिंह आणि आडनाव परांजपे. जन्म १८२१ चा. घराणे नगर जिल्ह्यात गोदावरीकाठच्या टोके या गावचे. नागपुरात धुंडिराज मिश्र यांच्याजवळ त्यांनी लीलावती आणि बीजगणित यांचा अभ्यास केला. पुढे सीहोर येथील ब्रिटिश अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांची या हुशार तरुणावर नजर गेली आणि १८३८ मध्ये त्यांनी त्याला सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. भारतीय विद्यार्थ्याला नवे ज्योतिष शिकवावयाचे असेल तर त्याच्याच सिद्धांतग्रंथांच्या पायरीवरून त्याला वर न्यावे, असे विल्किन्सनचे मत होते. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये स्थापिलेली ही पाठशाळा म्हणजेच आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. १८८९ मध्ये निवृत्त होईपर्यंत जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे त्यांनी तेथे गणित व ज्योतिष शिकविले.

बापूदेवांच्या लेखनाकडे पाहिले तर त्यांच्या अध्यापनाची दिशा कळते. १८६१ मध्ये सूर्यसिद्धांताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे विल्किन्सनकृत भाषांतरही त्यांनीच तपासून दिले. त्यांनी हिंदीत बीजगणिताचे पुस्तक लिहिले. आणि १८६६ मध्ये त्यांनी मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन प्रसिद्ध केले. महाविद्यालयात ते जे सूत्ररूपाने शिकवीत होते, त्याचेच दगडी रूप शहरातल्या एका गच्चीवर होते. यंत्राचे असे वर्णन लिहावयाचे तर त्याच्या प्रत्येक चापाचा आणि प्रत्येक खुणेचा हेतू समजून घ्यावा लागतो. ग्रंथातल्या श्लोकाचा अर्थ सांगणे आणि ते यंत्र कशासाठी कसे बांधले हे सांगणे यांत मोठे अंतर आहे.

या अंतराची कसोटी पंचांगाच्या प्रश्नात लागली. सूर्यसिद्धांताप्रमाणे नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे व सुमारे ३६ सेकंदांचे आहे. आधुनिक वेधांनी ते ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटे व सुमारे १० सेकंदांचे ठरते. फरक जेमतेम साडेतीन मिनिटांचा. एका वर्षात त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु तो साठत जातो, आणि चारशे वर्षांहून थोड्या अधिक काळात एक पूर्ण दिवस होतो. चंद्राच्या व ग्रहांच्या गणितातही अशाच चुका साठल्या होत्या. जुन्या कोष्टकांवरून काढलेल्या ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष ग्रहणाची वेळ जुळेनाशी झाली. अशा वेळी शिक्षकाने कोष्टकाची बाजू घ्यावयाची की आकाशाची? काशीसारख्या क्षेत्रात, जेथे तिथीवर व्रते आणि श्राद्धे अवलंबून, तेथे हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. बापूदेवांनी १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडातील नाविक पंचांगाच्या, म्हणजे प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या गणिताच्या आधारे पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. सूर्यसिद्धांताचे भाषांतर करणाऱ्यानेच, आकाश निराळे सांगत असेल तर आकाशाचे ऐकावे, हा निर्णय आचरणात आणला. ग्रंथाविषयीचा आदर आणि सत्याविषयीची निष्ठा यांत विरोध मानण्याचे कारण नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांना याहून चांगल्या रीतीने शिकविले नसते.

बापूदेव या बाबतीत एकटे नव्हते. त्याच काळात पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हेच कार्य करीत होते. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत वेध घेण्याचे काम केलेला हा माणूस पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० चे. १८६५ पासून त्यांनी वेधांशी जुळणारे पंचांग काढले, तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्धीस आले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’चा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक घडविणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षक होते. आणि २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली, तेव्हा पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नायगमवाला हे वर्ग सोडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दुर्बिणी व वर्णपटदर्शक घेऊन गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. खग्रास स्थितीच्या दोन मिनिटांच्या सुमाराच्या काळासाठी कित्येक आठवड्यांची तयारी! शिक्षकाने क्षेत्रात जाऊन संशोधनात भाग घेण्याची ही आपल्याच मुलखातील परंपरा होय.

आता, क्षेत्रात जाऊन आलेल्या शिक्षकाजवळ असे काय असते जे पुस्तकात नसते? मानमंदिराच्या यंत्रांवरूनच ते समजून घेता येईल.

पहिली गोष्ट, चुकीची मर्यादा. सम्राट यंत्राच्या भिंतीच्या दोन्ही अंगांना विषुववृत्ताच्या पातळीत वळलेले दोन चाप आहेत; त्यांवर कडेची सावली सरकते आणि वेळ दाखविते. यंत्र जितके मोठे तितके विभाग बारीक पाडता येतात. जयपूरच्या सम्राट यंत्रावर, जे सत्तावीस मीटर उंच आहे, सावली एका सेकंदात सुमारे एक मिलिमीटर चालते. मग सेकंदापर्यंत अचूक वेळ मिळावी, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात सूर्य हा बिंदू नाही. त्याचे बिंब अर्ध्या अंशाचे आहे, आणि तेवढे अंतर चालण्यास त्याला दोन मिनिटे लागतात. त्यामुळे सावलीची कड रेखीव नसते. गडद सावली आणि ऊन यांच्यामध्ये एक धूसर पट्टा राहतो. सावली नेमकी कोठे संपली हे ठरविणे हे निरीक्षकाचे कौशल्य. यंत्र मोठे केले की विभागही वाढतात आणि धूसर पट्टाही वाढतो. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो विद्यार्थ्याच्या वहीतील दशांश चिन्हापुढचे सहा आकडे पाहून समाधान मानणार नाही. यांतले खरे किती, असे तो विचारील.

दुसरी गोष्ट, ज्ञात वस्तूविषयी नवा प्रश्न पडणे. वाराणसी ८३ रेखांशावर आहे, आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. म्हणजे दोन मिनिटांचाच फरक. तरीही सम्राट यंत्र आणि मनगटावरील घड्याळ क्वचितच जुळतात. फेब्रुवारीच्या मध्यास यंत्र सुमारे बारा मिनिटे मागे असते. नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे अठरा मिनिटे पुढे. यंत्र बिघडलेले नाही आणि घड्याळही बिघडलेले नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. पाठ्यपुस्तकात ‘लंबवर्तुळाकार कक्षा’ हे दोन शब्द असतात. गच्चीवर तेच अठरा मिनिटे होऊन समोर येतात.

तिसरी गोष्ट, दूरचे आणि जवळचे एकाच नियमात दिसणे. मानमंदिरातील नाडीवलय यंत्र ही विषुववृत्ताच्या पातळीत तिरपी ठेवलेली गोल तबकडी. वर्षातील सहा महिने तिच्या उत्तर अंगावर ऊन पडते, सहा महिने दक्षिण अंगावर. हीच तबकडी प्रत्यक्ष ध्रुवावर नेली तर ती जमिनीला समांतर होईल, आणि सम्राट यंत्राची तिरकी कड ओळंब्यासारखी सरळ उभी राहील. मग नाडीवलयाच्या वरच्या अंगावर सहा महिने ऊन असेल आणि पुढचे सहा महिने अंधार. ध्रुवावरील सहा महिन्यांचा दिवस हे एखादे नवल म्हणून घोकण्याची गरज राहत नाही. काशीचेच यंत्र मनातल्या मनात उत्तरेकडे नेत गेले की ते आपोआप दिसू लागते.

याच वाटेने पुढे जाता एक विलक्षण गोष्ट आढळते. २२ डिसेंबरच्या सुमारास वाराणसीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे सव्वाएकेचाळीस अंश उंच असतो. त्याच दिवशी अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ या भारतीय केंद्रावर, सुमारे पावणेएकाहत्तर दक्षिण अक्षांशावर, माध्यान्हीचा सूर्य साडेबेचाळीस अंशांहून थोडा अधिक उंच असतो. शिवाय तो तेथे मावळतही नाही, मध्यरात्रीही चार अंशांवर असतो. काशीहून उंच सूर्य, आणि तोही अहोरात्र. तरी आसमंतात बर्फाचे साम्राज्य! असे का? कारण ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा पाच भागांपैकी चार भाग किंवा त्याहूनही अधिक परत फेकते. कारण वर्षाच्या दुसऱ्या टोकाला तेथे सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. आणि हजारो वर्षे साठलेला बर्फ एका उन्हाळ्याने हटत नाही. हिम वितळून काळा खडक किंवा पाणी उघडे पडले तर तीच जागा अधिक उष्णता शोषते आणि वितळणे वाढते. पृथ्वीच्या तापमानवाढीत ध्रुवप्रदेशाला एवढे महत्त्व का, याचे हे एक मोठे कारण आहे. ज्या शिक्षकाने अंटार्क्टिकाच्या उन्हात डोळे दिपून काळा चष्मा चढविला आहे, त्याच्या तोंडून हे ऐकणे आणि पुस्तकातील एका वाक्यात ते वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. देशात लक्षावधी शिक्षक. त्यांतील कितीजण ध्रुवावर जाणार? मूठभरांच्या प्रवासाने खेड्यातल्या वर्गाला काय मिळणार? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर प्रवासात नसून कामाच्या स्वरूपात आहे. शिक्षक लांब गेला म्हणून शहाणा होत नाही. घाटावरून हजारो लोक जातात, त्यांपैकी मानमंदिराच्या गच्चीवर चढणारे थोडे, आणि चढलेल्यांतही सावलीजवळ दहा मिनिटे थांबणारे त्याहून थोडे. शिक्षकाजवळ खरा प्रश्न असावा, उत्तर आधी ठाऊक नसावे, आणि त्याने घेतलेल्या मोजणीवर कोणाचे तरी काम अवलंबून असावे. या तीन अटी पुऱ्या झाल्या तर क्षेत्र गावाबाहेरचे माळरानही चालेल. त्या नसतील तर अंटार्क्टिकाची सफरही सहलच ठरेल.

आज शाळांतील प्रयोगाची दशा याच्या अगदी उलट आहे. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी आधी उत्तर लिहितो, मग त्याला जुळतील असे आकडे भरतो, आणि प्रयोगवही सही होऊन येते. यात विद्यार्थ्याचा दोष थोडा. ज्याने स्वतः कधी न जुळणारा आकडा पाहिला नाही, त्या शिक्षकाला न जुळणाऱ्या आकड्याची भीती वाटणारच. परंतु शास्त्राची प्रगती जुळणाऱ्या आकड्यांनी जितकी झाली तितकीच न जुळणाऱ्या आकड्यांनी झाली आहे. साडेतीन मिनिटांचा फरक दडपला असता तर पंचांग सुधारले नसते.

आरंभ करण्यास थोर सामग्री लागत नाही. एक मीटर उंचीची सरळ काठी, ती उभी करण्यास गवंड्याचा ओळंबा, जमीन सपाट आहे की नाही हे पाहण्यास पाणसळ आणि एक वही, एवढे पुरे. मार्चमधील विषुवदिनी वाराणसीच्या शाळेतील शिक्षकाने विद्यार्थ्यांसह माध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजावी. ती सुमारे सत्तेचाळीस सेंटिमीटर भरेल. त्याच दिवशी पुण्याच्या शाळेत ती साडेतेहतीस सेंटिमीटरच्या आसपास येईल, आणि पुण्याची माध्यान्ह घड्याळाप्रमाणे सुमारे सदतीस मिनिटांनी उशिरा होईल. दोन सावल्यांवरून निघणाऱ्या कोनांतील फरक पावणेसात अंशांहून किंचित अधिक. नकाशावर या दोन शहरांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे ७५५ किलोमीटर आहे. एवढ्यावरून त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ काढता येतो. तो चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास येईल, कदाचित हजार दोन हजारांनी चुकेल. त्या चुकीचे कारण शोधणे हाच त्या दिवसाचा खरा पाठ. पुण्याच्या मुलांना आणखी एक गोष्ट मिळेल. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस त्यांच्या डोक्यावर सूर्य बरोबर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. वाराणसीत असे कधीच घडत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. गोदावरीकाठच्या कुळातील बापूदेव गंगाकाठी राहण्यास गेले, तेव्हा शून्य सावलीचा दिवस मागेच राहिला.

यासाठी शासनाने करावयाच्या गोष्टीही आवाक्यातील आहेत. शिक्षकाला वेध, मोजणी किंवा संशोधनाच्या कामासाठी मिळालेला काळ ही रजा न समजता कर्तव्यकाल समजावा. विद्यापीठे, वेधशाळा आणि गोव्यातील ध्रुवीय संशोधनाचे केंद्र यांच्या मोहिमांत काही जागा शाळाशिक्षकांसाठी राखाव्यात, आणि निवड करताना पदवीइतकेच त्याच्या निरीक्षणवहीकडे पाहावे. परत आलेल्या शिक्षकाकडून भाषणाची अपेक्षा करण्याऐवजी, त्याने आणलेले आकडे इतर शाळांना वापरण्यासाठी द्यावेत.

काळाच्या ओघात मानमंदिराची यंत्रे जीर्ण झाली होती. जयपूर दरबारने १९११-१२ मध्ये त्यांची दुरुस्ती करविली, म्हणून ती आज पाहावयास मिळतात. दगड दुरुस्त करता येतो, आणि ते काम एका हंगामात होते. वेध घेण्याची सवय मात्र मोडली तर ती गवंड्याच्या हातून परत बसविता येत नाही. ती एका शिक्षकाकडून दुसऱ्या पिढीकडे, भर दुपारी उन्हात शेजारी उभे राहूनच द्यावी लागते.